लांब एक्स्पोजरमध्ये तारे लांबट येतात? माउंट उघडण्याआधी पायाखालची जमीन तपासा

अंगणातून दीर्घिकांचे फोटो काढणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारा दोष हा आहे. 30 सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे गोल दिसतात. एक्स्पोजर 2-3 मिनिटांवर नेलं की प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट होतो. देवयानी दीर्घिकेचा गाभा ठळक येतो, पण तिच्या कडेच्या काळ्या धूळपट्ट्या कोणी बोट फिरवल्यासारख्या पुसट होतात.

माझ्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या मित्रांच्या दुर्बिणींवर हा दोष मी वारंवार काढत आलो आहे. आपल्या विदर्भातल्या खेड्यात त्याचं कारण बहुतेक वेळा ट्रायपॉडच्या पायाखाली नाहीतर बॅटरीच्या वायरीत सापडतं. गिअर क्वचितच दोषी असतो. तरीही लोक सगळ्यात आधी माउंटचे, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या यंत्राचे, स्क्रू खोलतात, आणि चांगल्या माउंटमध्ये खरा बिघाड तिथून सुरू होतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटच्या तपासण्या आधी आहेत, खर्चाच्या नंतर.

लक्षणं

फोटो संगणकावर पूर्ण मोठा करा. मधला भाग आणि चारही कोपरे वेगवेगळे पाहा.

सगळीकडे तारे एकाच दिशेनं, सारखेच लांबट असतील तर दोष ट्रॅकिंगचा, म्हणजे ताऱ्यांमागे फिरण्याचा, आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे. मधले तारे गोल आणि फक्त कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना बाहेरच्या बाजूनं शेपट्या असतील तर प्रश्न आरशांच्या जुळणीचा किंवा कोमा करेक्टरच्या (कडेचे तारे सुधारणाऱ्या भिंगाच्या) अंतराचा आहे. बहुतेक करेक्टरना सेन्सरपासून 55 मिमी अंतर लागतं, ते मोजा. माउंटला हात लावू नका. एकाच बाजूचे तारे बिघडलेले असतील तर कॅमेरा फोकसरमध्ये तिरका बसला आहे किंवा वजनानं लोंबतो आहे. तारे एखाद्या बिंदूभोवती फिरल्यासारखे कमानदार दिसत असतील तर ध्रुवाची जुळणी (माउंटचा अक्ष आभाळाच्या ध्रुवाकडे रोखणं) चुकली आहे, किंवा माउंट विषुववृत्तीय, म्हणजे असा अक्ष असलेलं, नाही. साध्या वर-खाली, डावी-उजवी फिरणाऱ्या माउंटवर लांब एक्स्पोजरला हे होणारच.

ताऱ्याला जुळा तारा चिकटल्यासारखा दिसला तर एक्स्पोजर चालू असताना धक्का बसला आहे. अंगणातून कोणी चाललं असेल, वायर ताणली गेली असेल, कुत्रं ट्रायपॉडला घासून गेलं असेल. तारे गोलच पण सुजलेले असतील तर फोकस आणि दव पाहा.

आकडा एकदा समजून घ्या

150 मिमी व्यासाची, 750 मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण आणि 4 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा धरा. 206 गुणिले 4 भागिले 750, म्हणजे एका पिक्सेलवर साधारण 1.1 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). आभाळ सेकंदाला 15 विकला सरकतं, म्हणजे 3 मिनिटांत 2,700 विकला. एवढ्या प्रवासात माउंट एक-दोन पिक्सेलांपलीकडे चुकता कामा नये. हा हिशोब डोक्यात ठेवला की पुढे जमिनीबद्दल एवढं का लिहिलं आहे ते कळेल.

पहिली तपासणी: चूक कोणत्या दिशेची? (फुकट)

दुर्बीण होती त्याच जागी रोखून ठेवा, ट्रॅकिंग बंद करा आणि 10 सेकंदांचा एक फोटो काढा. ताऱ्यांच्या लांब रेघा येतील. ही पूर्व-पश्चिम दिशा. आता बिघडलेला फोटो शेजारी उघडा.

लांबटपणा या रेघेला समांतर असेल तर चूक ट्रॅकिंग मोटरच्या अक्षात आहे: बॅटरी, वजनाचा तोल, वर्मचा (अक्ष फिरवणाऱ्या पेचदार गिअरचा) हेलकावा. रेघेला काटकोनात असेल तर ध्रुवाची जुळणी किंवा जमीन. तिरका असेल तर दोन्हींची भेसळ, आणि अशा वेळी आधी जमिनीकडेच जा.

दुसरी खूण कोणी सहसा सांगत नाही. सप्तर्षीजवळच्या एम 81 आणि एम 82 या दीर्घिका आभाळातल्या विषुववृत्तापासून 69 अंश वर आहेत. तिथे पूर्व-पश्चिम चूक फोटोत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची होऊन उमटते. सिंह राशीतलं एम 65, एम 66 आणि एनजीसी 3628 हे त्रिकूट 13 अंशांवर आहे, तिथे तीच चूक जवळपास पूर्ण दिसते. एम 81 चे तारे गोल आणि सिंहातले लांबट, असं एकाच रात्री आलं तर मोटरच्या अक्षावर संशय घ्या. «एम 81 ला तर चांगलं चाललं होतं» म्हणून माउंट निर्दोष धरू नका.

दुसरी तपासणी: जमीन (फुकट, किंवा फरशीच्या तीन तुकड्यांचा खर्च)

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. शेतातल्या घराभोवती, वावराच्या धुऱ्यावर, सारवलेल्या अंगणातही वरचा थर कोरडा दिसतो आणि चार बोटं खाली ओल असते. शेजारच्या गव्हाला किंवा हरभऱ्याला ओलित चालू असेल तर ती ओल तुमच्या अंगणाखालीही येते. अशा जमिनीत ट्रायपॉडचं टोकदार पाऊल बसवलं की ते दिसेल न दिसेल असं रात्रभर खाली जात राहतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पाय रोवल्यावर, जमिनीला लागून, तिन्ही पायांवर मार्करनं बारीक रेघ मारा. दुर्बीण, काउंटरवेट (तोलाचं वजन), कॅमेरा सगळं चढवा. दोन तासांनी टॉर्च जमिनीशी आडवा धरून बघा. एखाद्या पायाची रेघ मातीत गेलेली दिसेल. तीही सारखी नाही, ज्या बाजूला वजन जास्त तिकडची अधिक.

पायांमधलं अंतर साधारण 80 सेंमी असेल आणि उत्तरेकडचा एक पाय फक्त 1 मिमी खचला, तर अख्खी दुर्बीण जवळपास 5 कला झुकते, म्हणजे 300 विकला. हे तासाभरात घडलं तर डोक्यावरच्या दीर्घिकेसाठी मिनिटाला 5 विकला. 3 मिनिटांच्या फ्रेममध्ये ताऱ्याची 13-14 पिक्सेलांची रेघ झाली! गिअर कितीही चांगला असो, तो यापुढे काही करू शकत नाही. गायडिंग (छोट्या गायड दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत दुरुस्त करणं) काही अंशी सावरतं, पण त्याच वेळी ध्रुवाची जुळणीही बिघडत जाते आणि पहाटेपर्यंत सगळंच हातातून जातं.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा टाका. आधी माती थोडी खरवडून सपाट करा, मुरूम टाकून धुमसा, मग फरशी. फरशी हलते का ते पायानं दाबून पाहा. उन्हाळ्यात भेगेवर फरशी ठेवू नका, ढेकूळ एका बाजूनं दबतं आणि फरशी डुगडुगते. सगळं वजन चढवून अर्धा तास तसंच राहू द्या, ध्रुवाची जुळणी त्यानंतर करा. ज्यांचं अंगण कायमचं आहे त्यांनी तीन जागी खड्डे खणून मुरूम-गिट्टीवर काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्यावेत. गावातला गवंडी हे काम सहज करतो. फक्त ठोकळे कोब्याला जोडू नका, नाहीतर कोब्यावर चालणाऱ्याचं प्रत्येक पाऊल फोटोत उमटेल.

स्लॅबवर जाऊ का, असं बरेच जण विचारतात. मी नको म्हणतो. स्लॅब कोणी चाललं की लवतो आणि दिवसभर तापलेला असल्यानं अर्ध्या रात्रीपर्यंत वाफ सोडतो. टिनाच्या छपरावरून दीर्घिका टिपायचंही टाळा. मार्च-एप्रिलमध्ये टिनावरची गरम हवा ताऱ्यांना नुसतं उकळत ठेवते.

जमिनीसोबत ट्रायपॉडही बघून घ्या: पाय पूर्ण लांब केलेले नसावेत, मधली पसरट पट्टी घट्ट असावी, माउंट बसवायचा मधला बोल्ट हातानं हलता कामा नये. गाडीतून नेल्या-आणल्यावर हे हमखास सैल होतं. पेंचचं जंगल जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरल्यापासून आपल्याकडची मंडळी साहित्य घेऊन तिकडे जाऊ लागली आहेत. दोन-चार तासांच्या रस्त्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासल्याशिवाय तिथला अंधार वाया घालवू नका.

तिसरी तपासणी: बॅटरी आणि वायर (मल्टिमीटरचा खर्च)

गावात माउंट बहुतेक 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, आणि ती बॅटरी बरेचदा फवारणी पंपाची असते. चालते, पण दिवसभर फवारणी करून आलेली बॅटरी रात्री माउंटला लावली की मोटर मधूनच अडखळते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि मोकळी असताना साधारण 12.7 व्होल्ट दाखवते. हा आकडा पुरेसा नाही. माउंट एका दीर्घिकेवरून दुसरीकडे वेगानं वळत असताना माउंटच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. तिथे काटा 11.5 च्या खाली येत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा वायर बारीक आहे.

वायरीचा दोष बॅटरीपेक्षा जास्त आढळतो. लांब, बारीक वायर आणि टेपनं गुंडाळलेले जोड. जाड वायर घ्या, लांबी कमी करा, जोड झाळून घ्या. माउंटच्या सॉकेटमध्ये पिन सैल असेल तर थंडीत वायर कडक झाली की ती थोडी बाहेर सरकते आणि तारे अचानक उडी मारतात.

ट्रॅक्टरची बॅटरी वापरत असाल तर धन टोकाजवळच फ्यूज टाका, माउंटच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच. त्या बॅटरीचं शॉर्ट सर्किट आग लावू शकतं. धन-ऋण उलटं जोडलं तर माउंटचा बोर्ड जळतो आणि तो बोर्ड घरी दुरुस्त होत नाही.

घरच्या लाईनवर ॲडॅप्टर लावणाऱ्यांसाठी: मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, पंप बंद झाले की उसळतं. त्यामुळे मी बॅटरीच बरी मानतो. आणि ओल्या अंगणात उभं राहून माउंटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून होईपर्यंत ती जोडणी वापरू नका.

चौथी तपासणी: तोल, वायरींची ओढ, वारा, दव

दिवसा उजेडात क्लच सैल करून दुर्बीण हातानं पूर्वेकडून पश्चिमेकडे पूर्ण फिरवा. प्रत्येक वायरकडे लक्ष ठेवा. कुठे ताणते, कुठे बोल्टाला अडकते ते दिसेल. लोंबणारी वायर थंडीत दुर्बिणीला सतत खाली ओढते आणि पूर्व-पश्चिम चूक देते. सगळ्या वायरी माउंटच्या मध्याजवळ एकत्र बांधा.

तोल साधताना कॅमेरा, करेक्टर, दवपट्टी (काचेवर दव धरू न देणारी गरम पट्टी) सगळं जोडलेलं हवं. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूनं टेकून राहतात.

आपल्या अक्षांशाला एक खास अडचण आहे. ध्रुव खाली असल्यामुळे काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडे झुकतो आणि वजन उत्तरेच्या पायाला लागू शकतं. अंधारात हा स्पर्श कळत नाही, फक्त तारे लांबतात. ट्रायपॉडचा पाय उत्तरेला न ठेवता दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला येईल असं माउंटचं डोकं बसवा. माउंटच्या रचनेत ते जमत नसेल तर ट्रायपॉड आणि माउंटच्या मधे उंचीचा तुकडा घालावा लागतो.

वारा वाहत असेल तर लांब एक्स्पोजर नको. दवानं तारे लांबत नाहीत, पण गायड दुर्बिणीची काच धुरकटली की गायडिंगचा तारा हरवतो आणि मग मुख्य फोटोतले तारे लांबतात. नोव्हेंबर ते जानेवारीत ओलिताच्या वावराशेजारी मध्यरात्रीपूर्वीच दव धरतं. दवपट्टी मुख्य दुर्बिणीसारखीच गायड दुर्बिणीलाही लावा. काच पुसू नका, पुसल्यानं लेप खराब होतो.

पाचवी तपासणी: ध्रुवाची जुळणी (वेळ लागतो, पैसे नाहीत)

ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो. नागपूरला साधारण 21 अंश, यवतमाळ-गडचिरोलीकडे 20 च्या थोडं वर. म्हणजे अंगणातला एक कडुनिंब किंवा कोठ्याचं छप्पर त्याला झाकायला पुरे. दिसला तरी काढणीनंतर पऱ्हाट्या पेटवल्याचा धूर तेवढ्या खालीच साचलेला असतो.

ध्रुवतारा हा ध्रुवबिंदू नाही. तो खऱ्या ध्रुवापासून जवळपास 38 कला दूर आहे. त्याला नेमका मधोमध धरला तर तारे मिनिटाला 10 विकलांपर्यंत सरकू शकतात. हिशोब असा: ध्रुवाच्या जुळणीत 1 कला चूक असेल तर सरक मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेहून किंचित अधिक, म्हणजे 0.26 विकला. 3 मिनिटांच्या फ्रेमसाठी चूक दोन-तीन कलांच्या आत आणा, मग ती दिसत नाही.

ध्रुवदुर्बिणीत (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत) ध्रुवतारा कुठल्या जागी धरायचा ते मोबाईल ॲप सांगतं. ॲपमध्ये गाव, तारीख आणि वेळ बरोबर असली पाहिजे. होकायंत्राची दिशा आपल्याकडे खऱ्या उत्तरेच्या अगदी जवळ असते, पण ते माउंटजवळ, टिनाजवळ किंवा ट्रॅक्टरजवळ धरू नका, लोखंडानं काटा फिरतो.

झाडामुळे ध्रुव दिसतच नसेल तर झाड तोडायला निघू नका. निना या मोफत सॉफ्टवेअरमधलं तीन बिंदूंचं प्लगइन आभाळाच्या कुठल्याही मोकळ्या भागातले तीन फोटो घेऊन चूक सांगतं. संगणक नसेल तर जुनी सरक-पद्धत आहेच: विषुववृत्ताजवळचा, दक्षिणोत्तर रेषेवरचा एक तारा घ्या, तो उत्तरेला सरकतो की दक्षिणेला ते पाहून माउंट आडवं थोडं-थोडं वळवा. मग पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या ताऱ्यावर उंची दुरुस्त करा. ही पद्धत प्रत्येकानं एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं. आभाळ कसं फिरतं ते हाताला कळतं.

सहावी तपासणी: गायडिंग

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच गायडिंगकडे वळा. पीएचडी-टू या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमधला गायडिंग असिस्टंट काही मिनिटं चालवला की ध्रुवाची चूक आणि उत्तर-दक्षिण अक्षातली ढिलाई दोन्ही आकड्यांत मिळतात. कॅलिब्रेशन विषुववृत्ताजवळ, दक्षिणोत्तर रेषेच्या आसपास करा. एक सेकंदापेक्षा कमी एक्स्पोजरनं गायड करू नका, हवेच्या थरथरीमागे माउंट धावत सुटतं. दोन-तीन सेकंद ठीक.

ग्राफ सरळ, तारे मात्र लांबट, असं झालं तर गायड दुर्बीण मुख्य दुर्बिणीपेक्षा वेगळी वाकते आहे. तासाभराच्या फ्रेम एकामागून एक भराभर पाहा. दीर्घिका हळूहळू एकाच बाजूला सरकताना दिसेल. गायड दुर्बीण प्लास्टिकच्या तीन स्क्रूंवर उभी असेल तर तिला धातूच्या घट्ट कड्यांत बसवा. फोकसरची पकडही बघा, कॅमेऱ्याच्या वजनानं तो खचतो.

सॉफ्टवेअरनं तारे गोल करून घेण्याची सोय आता आहे. ती वापरायची तर दोष काढल्यानंतर वापरा. आधी वापरली तर पुरावाच पुसला जातो, आणि दीर्घिकेच्या हातांमधला जो तपशील फ्रेममध्ये आलाच नाही तो परत येत नाही.

सातवी तपासणी: वर्मचा हेलकावा, आणि इथे थांबा

गायडिंग बंद करून एका ताऱ्याची नोंद वीस-पंचवीस मिनिटं करा. वर-खाली जाणारी गुळगुळीत लाट ठराविक मिनिटांनी परत येत असेल तर तो वर्म गिअरचा नेहमीचा हेलकावा. तो प्रत्येक माउंटमध्ये असतो आणि गायडिंग त्याला आवरतं. लाटेत प्रत्येक फेरीत त्याच जागी तीक्ष्ण टोक येत असेल तर गिअरवर कचरा आहे, ओरखडा आहे किंवा बेअरिंग खराब आहे.

वर्म जुळवायचे स्क्रू बाहेरून पोचतील असे असतील आणि पुस्तिकेत कृती दिली असेल तर तेवढंच करा, एका वेळी अगदी थोडं, आणि फिरवण्याआधी जुन्या जागेचा फोटो काढून ठेवा. त्यापुढे जाऊ नका. गिअरबॉक्स उघडायची असेल, मोटर करकरत किंवा गरम होत असेल, बोर्डातून जळका वास येत असेल, एखादा अक्ष मधेच लॉक होत असेल, तर काम विक्रेत्याच्या दुरुस्ती केंद्राचं किंवा माउंट दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं आहे. गावातला लेथवाला ट्रायपॉडची प्लेट, उंचीचा तुकडा, गायड दुर्बिणीची कडी उत्तम बनवून देईल. वर्म गिअर मात्र त्याच्याकडे देऊ नका, कारण तिथे मायक्रॉनमधली अचूकता लागते आणि ग्रीसही वेगळं असतं.

माउंट पाठवताना सोबत न गायडलेल्या नोंदीचा ग्राफ, मोटर बंद करून काढलेला रेघांचा फोटो, बिघडलेली एक मूळ फ्रेम आणि वापरलेलं व्होल्टेज लिहून द्या. काउंटरवेट वेगळ्या खोक्यात बांधा आणि दोन्ही क्लच सैल ठेवा, म्हणजे वाटेतल्या धक्क्यांचा भार वर्मच्या दातांवर येणार नाही.